मत नसलेल्यांचा आवाज

२४ जुलै १९९१ च्या संध्याकाळी अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग लोकसभेत अर्थसंकल्प वाचायला उभे राहिले. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते, सोने परदेशात गहाण पडले होते आणि परवाना-राज मोडीत काढणारे औद्योगिक धोरण त्याच दिवशी संसदेपुढे आले होते. त्या भाषणावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातली एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्या दिवशी डॉ. सिंग लोकसभेचे सदस्य नव्हते आणि राज्यसभेचेही नव्हते. आसाममधून ते राज्यसभेवर गेले ते त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. पंतप्रधान नरसिंह रावही तेव्हा कुठल्याच सभागृहात नव्हते. नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत आले नोव्हेंबरमध्ये. म्हणजे देशाची दिशा बदलणारा अर्थसंकल्प जिथे मांडला गेला, तिथे तो मांडणाऱ्याला त्याच्या बाजूने हात वर करण्याचा अधिकार नव्हता. बोलण्याचा मात्र पूर्ण अधिकार होता.

हा अधिकार राज्यघटनेच्या ८८ व्या अनुच्छेदातून येतो. प्रत्येक मंत्र्याला आणि महान्यायवादींना, म्हणजे केंद्र सरकारच्या सर्वोच्च वकिलांना, संसदेच्या दोन्ही सभागृहांत बोलता येते आणि कामकाजात भाग घेता येतो. पण केवळ या अनुच्छेदाच्या आधारे मतदान करता येत नाही. सदस्य नसलेला माणूस सभेत बोलू शकतो का, या प्रश्नाला आपल्या घटनाकारांनी दिलेले हे उत्तर आहे. बोलणे आणि मत देणे हे दोन अधिकार त्यांनी एकमेकांपासून सोडवून वेगळे ठेवले. १९३५ च्या कायद्यातही अशी सोय होती, पण स्वतंत्र भारताने ती समजून-उमजून पुढे चालवली. शिवाय १०५ व्या अनुच्छेदाने अशा वक्त्याला सदस्याइतकेच संरक्षण दिले, त्यामुळे सभागृहात बोलल्याबद्दल त्याला कोर्टात खेचता येत नाही.

पुढे डॉ. सिंग दहा वर्षे पंतप्रधान होते आणि त्या सगळ्या काळात राज्यसभेचेच सदस्य होते. जुलै २००८ मध्ये अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला, तेव्हा लोकसभेत विश्वासदर्शक ठराव त्यांनीच मांडला. २७५ विरुद्ध २५६ मतांनी तो मंजूर झाला. त्या २७५ मध्ये त्यांचे स्वतःचे मत नव्हते. याच्या अगदी उलट प्रसंग १७ एप्रिल १९९९ चा. गिरिधर गमांग त्याआधी दोन महिने ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण लोकसभेचा राजीनामा त्यांनी दिलेला नव्हता. ते दिल्लीला आले, मत दिले आणि वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. सभागृहातून मनाने आणि कामाने बाहेर पडलेल्याचे मत चालले, आणि सभागृहाचे काम रोज करणाऱ्या पंतप्रधानाचे चालले नाही. नियम दोन्ही वेळा बरोबरच होता. सदस्यत्व कुठे मोजायचे आणि कुठे नाही, हे आधी लिहून ठेवलेले असले की अशा कसोटीच्या दिवशी निदान भांडण तरी त्यावर होत नाही.

ब्रिटिशांकडून आपण संसदीय पद्धत घेतली, पण ही गोष्ट खुद्द ब्रिटनच्या संसदेत नाही. तिथे मंत्री ज्या सभागृहाचा असेल त्याच सभागृहात बोलतो. १९६३ मध्ये लॉर्ड होम पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांना आपली सरदारकी सोडून पोटनिवडणूक लढवावी लागली, कारण हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्यांना तोंड उघडता आले नसते. २०२३ मध्ये डेव्हिड कॅमेरून परराष्ट्रमंत्री झाले ते लॉर्ड्समध्ये बसून. युक्रेन आणि गाझाचा प्रश्न पेटलेला असताना कॉमन्सच्या सदस्यांना परराष्ट्रमंत्र्याला थेट प्रश्न विचारता येत नव्हते, उत्तरे द्यायला त्यांचे दुय्यम मंत्री उभे राहात. कॅमेरून यांना सभागृहाच्या कठड्याशी उभे करून प्रश्न विचारावेत, अशी शिफारस कॉमन्सच्याच एका समितीने केली होती. सरकारने ती मानली नाही. या बाबतीत आपली तरतूद अधिक शहाणपणाची आहे. ज्याच्याकडून जाब घ्यायचा, तो समोर उभा राहून बोलू शकला पाहिजे.

राज्यांसाठी १७७ वा अनुच्छेद हेच सांगतो. नोव्हेंबर २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात महाराष्ट्राने त्याचा प्रत्यय घेतला. २८ तारखेला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले तेव्हा ते विधानसभेचेही सदस्य नव्हते आणि विधान परिषदेचेही. दोन दिवसांनी विधानसभेत त्यांच्या सरकारने १६९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. मुख्यमंत्री सभागृहात होते, बोलले, मतदानात मात्र ते नव्हते. २०१० मध्ये पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री म्हणून आले तेही राज्यसभेतून, आणि विधान परिषदेचे सदस्य झाले काही महिन्यांनी.

या सवलतीला मुदत आहे. सहा महिन्यांत निवडून आले नाही तर मंत्रिपद जाते. ठाकरे यांच्या बाबतीत ही मुदत संपत आली तेव्हा टाळेबंदी सुरू होती, निवडणुका थांबल्या होत्या, आणि मे २०२० मध्ये विधान परिषदेवर बिनविरोध निवड होईपर्यंत सरकारचा जीव टांगणीला लागला होता. पंजाबात तर एका मंत्र्याने सहा महिने संपल्यावर राजीनामा देऊन, निवडून न येताच पुन्हा शपथ घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले. बाहेरच्या माणसाला सभागृहात बोलू द्यायचे, पण त्या वाटेने निवडणूकच टाळू द्यायची नाही, असा तो निकाल होता.

आतापर्यंतची गोष्ट सत्तेतल्या माणसांची झाली. संसदेत सदस्य नसलेल्या माणसाचा आवाज तासन्‌तास घुमला तो १० मे १९९३ ला, आणि तो एका वकिलाचा होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावर, पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना सरकारी निवासस्थानावर बेसुमार खर्च केल्याचे आरोप होते. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्यांना दोषी धरले होते. न्यायाधीशाला पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव स्वतंत्र भारतात पहिल्यांदाच लोकसभेपुढे आला होता. सोमनाथ चटर्जी यांनी तो मांडला. अध्यक्षांच्या आसनावर लातूरचे शिवराज पाटील होते. आणि सभागृहात खास उभारलेल्या कठड्याशी, खासदारांच्या बाकांपासून वेगळे, उभे होते रामस्वामींचे वकील कपिल सिब्बल. ते तेव्हा खासदार नव्हते. त्यांनी एकेक आरोप घेऊन, कागद दाखवत, आकडे मांडत आपल्या अशिलाची बाजू मांडली. खासदार ऐकत होते. दुसऱ्या दिवशी मतदान झाले: १९६ मते प्रस्तावाच्या बाजूने पडली, काँग्रेस आणि मित्रपक्षांचे २०५ सदस्य तटस्थ राहिले, विरोधात एकही मत नव्हते. तरीही आवश्यक बहुमत न मिळाल्याने प्रस्ताव पडला.

तो निकाल योग्य होता का, यावर आजही वाद घालता येईल. सत्ताधारी तटस्थ राहिल्यामुळे दोषी ठरलेला न्यायाधीश पदावर राहिला, हे अनेकांना तेव्हाही खुपले आणि आजही खुपते. पण सिब्बल यांना बोलू दिले हे चुकले, असे म्हणता येणार नाही. एखाद्याची नोकरी आणि अब्रू यांचा फैसला सभागृह करणार असेल, तर त्याचे म्हणणे त्याच सभागृहात ऐकले गेले पाहिजे. ऑगस्ट २०११ मध्ये राज्यसभेने हाच मार्ग धरला. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांनी कठड्याशी उभे राहून स्वतःची बाजू स्वतः मांडली. सदस्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी १८९ मतांनी त्यांना दूर करण्याचा प्रस्ताव मंजूर केला. लोकसभेत तो येण्याआधी सेन यांनी राजीनामा दिला. ऐकून घेतल्याने सभागृहाचा हात दुबळा होत नाही, हे त्या दोन दिवसांत दिसले.

लोकसभेतला असाच कठडा १९६१ मध्ये वेगळ्या कामाला आला होता. मुंबईच्या ‘ब्लिट्झ’चे संपादक रूसी करंजिया यांच्या पत्रात आचार्य कृपलानी यांच्याविषयी आलेल्या मजकुराने हक्कभंग झाल्याचे लोकसभेने ठरवले आणि करंजियांना सभागृहापुढे बोलावून ताकीद दिली. तिथे बाहेरच्या माणसाला बोलावले होते ते ऐकायला, ऐकवायला नव्हे.

सामान्य नागरिकाची जागा असते प्रेक्षक सज्जात. तिथे टाळी वाजवायची नाही, घोषणा द्यायची नाही, कागद फेकायचा नाही. त्याचे म्हणणे विनंती अर्ज समितीकडे जाऊ शकते, एखाद्या विधेयकावरच्या समितीपुढे साक्षीदार म्हणून त्याला बोलावलेही जाऊ शकते, पण सभागृहात त्याला वाव नाही. म्हणून महाराष्ट्रात हा आवाज रस्त्यावर येतो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात रोज मोर्चे निघतात, पोलिसांच्या कठड्यांपाशी अडवले जातात, मग त्यातले चार-पाच जण शिष्टमंडळ म्हणून मंत्र्यांकडे नेले जातात. निवेदन दिले जाते, फोटो निघतो. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा असाच आला होता. बायाबापड्या, लेकरे घेऊन आलेली माणसे दिवसभर ताटकळली, संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जणांचा जीव गेला. आपली मागणी विधिमंडळाने ऐकावी, एवढेच त्यांना हवे होते. नागपुरात झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे.

महापालिकेत काय चित्र आहे? मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याने आयुक्तांना सभेत हजर राहण्याचा आणि नगरसेवकाप्रमाणे चर्चेत भाग घेण्याचा हक्क दिला. ठराव मांडण्याचा किंवा मत देण्याचा दिला नाही. नगरपालिकांच्या कारभाराचा अनुभव असलेले स्वीकृत नगरसेवकही बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. ही अट तर थेट घटनेतच आहे. हेतू उघड आहे. जाणकाराचे ऐका, निर्णय मात्र निवडून आलेल्यांनी घ्यावा. पण मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली, आणि प्रशासक म्हणून सगळा कारभार आयुक्तांच्याच हाती गेला. ज्या पदाला एका मताचाही अधिकार नव्हता, त्या पदाच्या सहीवर देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचे अर्थसंकल्प वर्षानुवर्षे मंजूर होत राहिले. पुणे, ठाणे, नाशिक अशा अनेक शहरांत हेच झाले. आवाज आणि मत यांच्यामध्ये १८८८ साली आखलेली रेघ इतक्या सहज पुसली गेली आणि शहरांनी ते मुकाट्याने सोसले, याचे दुःख वाटायला हवे.

शहरातल्या रहिवाशाला बोलायला जागा मिळावी म्हणून २००९ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. ग्रामसभेसारखीच, पण वस्तीची. ती कागदावरून खाली उतरलीच नाही. आपल्या वॉर्डातली क्षेत्रसभा कधी भरते, हे मुंबई-पुण्याच्या रहिवाशाला विचारले तर बहुतेकांनी हा शब्दच ऐकलेला नसतो.

दुसरीकडे हे चालते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार नगर परिषद, शाळा मंडळ अशा स्थानिक संस्थांच्या सभेत कुणालाही, विषय निर्णयाला येण्याआधी किंवा चर्चेला असताना, बोलण्याचा हक्क आहे. तो त्या गावचा मतदार असण्याचीही गरज नाही. वेळ दोन-तीन मिनिटे, समोर घड्याळ, मिनिटे संपली की पुढचा. या पद्धतीचे भारताशी नाते सांगणारा प्रसंग सिएटलमध्ये घडला. २१ फेब्रुवारी २०२३ ला तिथल्या नगर परिषदेने जातिभेदाला बंदी घालणारा नियम ६ विरुद्ध १ मतांनी मंजूर केला. असा नियम करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. तो मांडला होता पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या नगरसेविका क्षमा सावंत यांनी. मतदानापूर्वी भारतीय वंशाची माणसे एकामागून एक बोलली. कुणी नोकरीच्या ठिकाणी, कुणी भाड्याच्या घरासाठी जात विचारली गेल्याचे सांगितले, तर कुणी या नियमाने हिंदूंकडे संशयाने पाहिले जाईल अशी भीती मांडली. आंबेडकरवादी संघटनांची माणसे त्यात होती, विरोधकही होते. मते मोजकी सात होती, पण ती देणाऱ्यांनी आधी सगळे ऐकलेले होते.

बोलणे आणि मत देणे वेगळे करण्याची पद्धत आपल्या रोजच्या व्यवहारातही खोलवर आहे. कंपनीच्या वार्षिक सभेला भागधारक स्वतः येऊ शकत नसेल तर तो प्रॉक्सी पाठवतो. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे या प्रॉक्सीला औपचारिक मतमोजणीत मत देता येते, बोलता येत नाही. त्याच सभेत लेखापरीक्षकाकडे एकही शेअर नसला तरी त्याच्या कामाशी संबंधित विषयावर त्याचे म्हणणे ऐकावेच लागते. सभेच्या नियमांवर १८७६ मध्ये पुस्तक लिहिणारे अमेरिकी लष्करातले अभियंते हेन्री मार्टिन रॉबर्ट यांची परंपराही हेच सांगते: सभेने ठरवले तर पाहुण्याला बोलू देता येते, पण त्याला मत देऊ देण्यासाठी नियम बाजूला ठेवता येत नाहीत.

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मात्र याचा विसर पडतो. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, हजेरीची वही, टेबलावर अजेंडा. पाण्याच्या टाकीचा विषय निघतो. तिसऱ्या मजल्यावर आठ वर्षे भाड्याने राहणाऱ्या बाई उठून सांगतात की सकाळी सातनंतर वरच्या मजल्यांना पाणीच चढत नाही. अध्यक्ष विचारतात, “तुमचं नाव शेअर सर्टिफिकेटवर आहे का?” बाई खाली बसतात. मालक परदेशात असतात. त्यांचे मत त्या दिवशी कुणीच देत नाही आणि पाण्याची माहितीही सभेपुढे येत नाही. सहकार कायद्यात एका सभासदाला एक मत आहे आणि प्रॉक्सी चालत नाही. रीतसर दाखल करून घेतलेल्या सहयोगी सभासदाला, म्हणजे पत्नी, मुलगा अशा जवळच्या नातलगाला, मूळ सभासदाच्या संमतीने त्याच्या गैरहजेरीत मत देता येते. भाडेकरूला मत नाही, आणि ते योग्यच आहे. इमारतीच्या पुनर्विकासाचा निर्णय त्याने का घ्यावा? पण टाकीत पाणी किती येते हे सांगायला मत लागत नाही. अध्यक्षांनी सभेची संमती घेऊन दोन मिनिटे दिली तर त्यात कायदा कुठेच आडवा येत नाही.

गावात ही दारे अधिक उघडी आहेत. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत सदस्य बसतात. ग्रामसभेत मात्र मतदार यादीतला प्रत्येक जण सदस्यच असतो. शिवाय ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक हे बहुधा त्या गावचे मतदार नसतात, तरी सभेत माहिती देतात, प्रश्नांना उत्तरे देतात. म्हणजे बाहेरच्याने बोलणे इथे नेहमीचेच आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने याला शिस्त दिली. तिथे निर्णय ग्रामसभा घेते, तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. त्याआधी विषयाचा खल होतो अभ्यासगटात, आणि त्यात गावाबाहेरची माणसेही बसतात, बोलतात, वाद घालतात. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत वर्षानुवर्षे जोपासली. वनहक्क कायद्यातले बारकावे गावाने असेच समजून घेतले आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होते. जाणकारांचे ऐकले, पण निर्णय त्यांच्या हाती दिला नाही.

आणि तरीही या उघड्या दारातून काही माणसे आत येत नाहीत. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालन्याकडची कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. २६ जानेवारीची ग्रामसभा त्यांच्या स्वतःच्या गावात होते तेव्हा ती फडात असतात. ज्या गावाच्या शिवारात त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, असतात, तिथल्या मतदार यादीत त्यांची नावे नसतात. पाणी कुठून आणायचे, पहाटे चारला निघालेल्या आईने लेकराला कुठे ठेवायचे, बाईने अंधारात कुठे जायचे, हे प्रश्न रोजचे. त्यांवर बोलायला सहा महिने त्यांना एकही सभा नाही. मुकादमाने आगाऊ दिलेली उचल फेडायची असल्यामुळे फड सोडून जाताही येत नाही.

यावर नवा कायदा करावा लागत नाही. ऊसपट्ट्यातल्या सरपंचांनी २६ जानेवारीच्या अजेंड्यावर ‘गावात मुक्कामी असलेल्या तोडणी कामगारांचे प्रश्न’ असा एक विषय घ्यावा, कोप्यांवर आदल्या दिवशी निरोप द्यावा, सभेची वेळ तोड संपल्यावर संध्याकाळची ठेवावी, आणि प्रत्येक टोळीतल्या एका बाईला आणि एका पुरुषाला पाच-पाच मिनिटे बोलू द्यावे. त्यांनी सांगितलेले ग्रामसेवकाने इतिवृत्तात लिहावे, म्हणजे पाण्याचा टँकर, अंगणवाडी किंवा तात्पुरती शौचालये मागायला पंचायत समितीकडे आणि साखर कारखान्याकडे जाताना सरपंचांच्या हातात ग्रामसभेचा कागद असेल.